मागची डावी जागा

१

सीटवर हात टेकवला की तिच्यावर बसणारा माणूस मला कळतो. जड आहे की हलका, कोणत्या कुशीवर रेलतो, पाकीट मागच्या खिशात ठेवतो का, लांब जातो की नुसता कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. यात चमत्कार काही नाही. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी मास्तरांच्या दुकानात गाड्यांच्या सीटा शिवतोय. दहा वर्षं रोज हात फिरवला तर कोणालाही कळेल.

बोलणं मात्र मला जमत नाही. गिऱ्हाईक समोर आलं की माझे कान तापतात. मास्तर म्हणतात, "सीटा शिवता शिवता या गड्यानं स्वतःचं तोंडही शिवून टाकलंय."

माझे बाबा ड्रायव्हर. एका बंगल्यावर, एका साहेबांकडे, एकाच गाडीवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. गाडी इंग्लंडात बनलेली. गडद हिरवी, लांब नाकाची, आत अक्रोडाच्या लाकडाची चकचकीत पट्टी आणि सायीच्या रंगाचं चामडं. चार वर्षांपूर्वी साहेब वारले आणि त्याच साली बाबांचा उजवा गुडघा गेला. ब्रेक दाबायला पाय वाकेना. तेव्हापासून ते घरी असतात.

मास्तरांनी एकदा काम करता करता मला एक गोष्ट सांगितली. मी तेव्हा दुकानात नवा होतो.

"त्या हिरव्या गाडीची मागची सीट मी एकदा बदललीये," ते म्हणाले. "डावी बाजू. चामडं असं होतं, एक सुरकुती नाही. मी म्हटलं, साहेब, हे कशाला उसवायचं? तर म्हणाले, ड्रायव्हर बसला होता."

मी सुईत दोरा ओवत राहिलो.

"तुझ्या बाबाला ताप होता त्या दिवशी. दुपारी गाडी सावलीत लावून पाच मिनिटं मागे टेकला होता बिचारा. साहेब ओरडले नाहीत, काढून टाकलं नाही. नुसती सीट बदलली. आणि ती गाडी दुकानात घेऊन कोण आलं? तुझा बाबाच."

बाबांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. मीही त्यांना विचारलं नाही. पण त्या दिवशी टाके घालताना मी मनाशी ठरवलं की कधीतरी ती गाडी मी घेणार आणि बाबांना मागे डावीकडे बसवणार. याशिवाय मला आयुष्यात दुसरं काही मोठं करायचं नव्हतं.

यंदा गाडी विकायला निघाली.

२

मास्तर माझ्यासोबत बंगल्यावर आले, कारण मी एकटा गेलो असतो तर फाटकावरूनच परत आलो असतो.

मालकीणबाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमच्या ड्रायव्हरचा मुलगा ना तू? नाक तेच आहे."

"हो."

"गाडी चालवणार कोण?"

बाकी त्यांनी काहीच विचारलं नाही. माझ्याआधी दोन व्यापारी येऊन गेले होते आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त देत होते, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्या दोघांनाही बाईंनी परत पाठवलं होतं.

"मीच चालवणार," मी म्हणालो.

"नक्की? ड्रायव्हर ठेवणार नाहीस?"

मास्तर मागून म्हणाले, "बाई, याला दुकानातल्या पोराला झाडू मार म्हणवत नाही. हा ड्रायव्हर ठेवून त्याला काय सांगणार?"

बाई हसल्या नाहीत. "मग घेऊन जा," एवढंच म्हणाल्या आणि किल्ली पुढे केली.

गॅरेजला मोठं कुलूप होतं. आत गाडीवर कापडी आच्छादन, त्यावर बोटभर धूळ. मी एक टोक धरलं, मास्तरांनी दुसरं, आणि कापड ओढलं.

मास्तरांच्या तोंडून शिट्टीच निघाली.

गाडी लखलखत होती. पुढच्या चाकांत हवा टणक. काचेवर एक डाग नाही. लाकडी पट्टीत मला माझा चेहरा दिसला, कानांसकट.

"चार वर्षं कोणी बघितली ही?" मास्तरांनी विचारलं.

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. "किल्ली माझ्या उशाशी असते."

मी आत वाकून सीटांवर हात फिरवला. ड्रायव्हरची सीट गार आणि सपाट. तिच्यावर चार वर्षांत कोणी बसलेलं नाही, हे मी शपथेवर सांगितलं असतं. शेजारची तशीच. मागची उजवीही तशीच.

मागची डावी खोल गेली होती. आणि ती उबदार होती. नुकतंच कोणीतरी उठून जावं तशी.

वर छपराला काच होती, दुपारची वेळ होती. ऊन पडलं असेल, मी स्वतःला समजावलं. मग मला आच्छादन आठवलं आणि त्यावरची बोटभर धूळ आठवली. पण तोवर मास्तरांनी किल्ली फिरवली होती, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली होती. आवाज इतका हलका की सुरू आहे हे कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागला.

"अरे, रडतोस काय येड्या," मास्तर म्हणाले. "गाडी झाली तुझी."

३

आमच्या गल्लीत गाडी वळवली तेव्हा शेजारपाजारचे सगळे दारात आले. पुढच्या चौकातला न्हावी एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून पळत आला. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला लपावंसं वाटत नव्हतं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "ही गाडी आहे की आगबोट? आणि ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

"मास्तरांच्या शेडमध्ये."

"बरं झालं. नाहीतर आपण शेडमध्ये आणि ही घरात, असं व्हायचं." मग तिनं दाराच्या चकचकीत मुठीवरून एक बोट फिरवलं आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "किती राबलास रे."

बाबा काठी टेकत सगळ्यांत शेवटी आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, चाकाला काठी लावून पाहिली आणि मागच्या डाव्या दारापाशी थांबले. पाठ ताठ झाली. त्यांनी दार उघडलं, मान किंचित खाली घातली आणि तसेच उभे राहिले. एका माणसाला आत शिरून बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ.

मग हलक्या हातानं त्यांनी दार लावलं.

सीटच्या स्प्रिंगा दबल्या की बारीक आवाज होतो. चामड्याखालची हवा शिवणीतून निघते, सुस्कारा टाकल्यासारखी. हा आवाज मी दिवसातून शंभरदा ऐकतो. दार लागायच्या जरा आधी तो मला ऐकू आला.

बाबांनीही ऐकला असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, "सवय. दुसरं काय."

४

रविवारी बाबांना फिरवायचं ठरलं. हातात चार दिवस होते आणि मला मागची सीट नीट करायची होती. ज्या सीटवरून बाबांचा अपमान झाला तिच्यावर त्यांनी बसावं तर ती माझ्या हातची असावी.

मी डावी बाजू उसवली. आत बघण्यासारखं काही नव्हतं. काथ्या, स्प्रिंगा, मास्तरांचे जुने टाके. मी नवा काथ्या भरला, पट्टीनं सपाटी मोजली, पुन्हा शिवली. ताटासारखी झाली. मास्तरांनी पाहून नुसती मान हलवली. ते नुसती मान हलवतात तेव्हा काम उत्तम असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली. सीट खोल गेली होती.

"काथ्या ओला होता," मास्तर म्हणाले.

"कोरडा होता."

"मग स्प्रिंग कमकुवत."

मी स्प्रिंगा बदलल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच जागी. माणूस जड होता, उजव्या कुशीवर रेलणारा. मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

आरशाचंही तसंच. मागचं बघायचा आरसा मी माझ्या उंचीला लावून ठेवायचो आणि सकाळी तो छताकडे बघत असायचा. मी स्क्रू आवळला. मग पाना घेऊन आवळला. सकाळी आरसा वर.

जेवताना मी सहज बोलल्यासारखं बाबांना विचारलं, "आरसा वर का करतात हो?"

बाबांचा घास हातात राहिला. "कोणी केला?"

"कोणी नाही. ढिला असेल."

"आमच्या कामातली रीत आहे ती," ते म्हणाले. "मालक मागे बसले की आरसा वर करायचा. मागचा रस्ता बाहेरच्या आरशांत बघायचा. मालकाचा चेहरा ड्रायव्हरला दिसता कामा नये. एकतीस वर्षांत साहेब मागे काय करायचे, हसायचे की झोपायचे, मला माहीत नाही."

"काय माणूस तरी," आई म्हणाली. "चेहऱ्याला काय सोनं लागलं होतं?"

चामडं कापायच्या आधी खुणा करायला मी खडू वापरतो. त्या संध्याकाळी जाताना मी डाव्या सीटवर पांढरा खडू किसून पातळ थर दिला. उंदीर असेल तर पाय उमटतील, असं मास्तरांना सांगितलं.

सकाळी थरावर कापडाची वीण उमटली होती. जाड लोकरी कोटाची, तिरप्या रेघांची. इतकी स्पष्ट की मी धागे मोजू शकलो असतो. आमच्या हवेत असा कोट कोणी घालत नाही. बाबा सांगायचे, साहेब घालायचे.

५

बाबांना मी काही सांगितलं नाही. पण शनिवारी दुपारी ते स्वतःच शेडमध्ये आले, काचेतून आत पाहिलं आणि म्हणाले, "मला उद्या पुढे बसव. तुझ्या शेजारी."

"का?"

"पुढेच बरं. समोरचं दिसतं."

"बाबा, का?"

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ती जागा रिकामी नाहीये रे. तुलाही माहितीये."

मी आजवर बाबांसमोर आवाज चढवला नव्हता. बाबाच काय, कोणासमोरच नाही. "तुम्ही मागेच बसणार," मी म्हणालो, आणि शेडचा पत्रा घुमला. शेजारी मास्तरांचं शिलाई मशीन थांबलं.

बाबांनी काठी सरळ केली. "बरं," ते म्हणाले आणि निघून गेले. जाताना त्यांची काठी जमिनीवर नेहमीपेक्षा जोरात वाजत होती. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं होतं.

मग मी शेडचं दार आतून लावलं. भर दुपार होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या गाडीवर पडल्या होत्या. मी मागचं डावं दार उघडलं आणि बाबा उभे राहतात तसा उभा राहिलो. फक्त मान खाली घातली नाही.

काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. ते सगळं पळालं. समोर रिकामी सीट होती आणि मी तिच्याशी बोलायला लाजत होतो.

"साहेब," मी शेवटी म्हणालो. "उतरा."

काहीच झालं नाही.

"गाडी आता माझी आहे. उद्या इथे माझे वडील बसणार. ही सीट मी त्यांच्यासाठी शिवलीये. तुम्हाला जायचं तर जा." आणि मग, मला कोणाला घालवून द्यायचीही सवय नाही म्हणून असेल, तोंडातून निघून गेलं, "राहायचंच असेल तर पुढे बसा. गाडीला काम पुष्कळ आहे."

मी थांबलो. बाहेर कोणाची तरी सायकल गेली.

मग सीटनं श्वास घेतला. खळगा हळूहळू भरून आला. आधी कडा, मग मध्य. चामडं ताणलं गेलं, सुरकुत्या गेल्या, आणि ती माझ्या पट्टीखाली होती तशी सपाट झाली. गाडीची डावी मागची बाजू बोटभर वर उचलली गेली. माझ्या खांद्याला गार वारा लागून गेला. त्याला जुन्या लोकरीचा वास होता.

मी जिंकलो होतो. मी, ज्याला रिक्षावाल्याकडे सुटे मागता येत नाहीत! मी दार लावलं आणि एकटाच मोठ्यानं हसलो.

मी हसत असताना गाडीची पुढची उजवी बाजू बोटभर खाली बसली.

ते आपण पाहिलं नाही, असं मी ठरवलं.

६

रविवारी सकाळी नऊ वाजता मी मागचं डावं दार उघडून उभा राहिलो. बाबांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. आत शिरताना त्यांनी आधी सीटवर तळवा टेकवला. गार होती. मग ते बसले. सुस्कारा निघाला, आणि तो चामड्याचा होता की बाबांचा हे मला सांगता येणार नाही.

"सरका जरा, राजेसाहेब," आई उजवीकडून आत येत म्हणाली. "का आम्ही टपावर बसायचं?"

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. ती उबदार होती. ऊन, मी मनात म्हणालो. शेडमध्ये ऊन येतंच.

इतकी सुरळीत गाडी मी जन्मात चालवलेली नाही. दुकानातल्या गाड्या पुढे-मागे घेणं एवढाच माझा सराव, आणि माझा ब्रेक म्हणजे नुसता धक्का. त्या दिवशी एकही धक्का नाही. वळण यायच्या आधी स्टिअरिंग वळू लागायचं आणि माझे हात मागून जायचे. जुनी गाडी, सवयीचा रस्ता. सैल असेल स्टिअरिंग.

चौकात न्हाव्यानं वस्तरा हवेत उंचावला. मास्तर दुकानासमोर उभे होते. त्यांनी चक्क सलाम ठोकला. आईनं राणीसारखा हात हलवला आणि मग स्वतःलाच हसत सुटली.

"त्या बंगल्यावरून घे," बाबा म्हणाले.

बंगल्याशी वेग आपोआप कमी झाला. मालकीणबाई खिडकीत होत्या. त्यांनी आधी मागे, बाबांकडे पाहिलं आणि किंचित मान झुकवली. मग त्यांची नजर पुढे, माझ्याकडे आली आणि तिथेच खिळली. त्यांनी पडदा ओढून घेतला.

मला बाबांचा चेहरा बघायचा होता. त्याच्यासाठी तर हे सगळं केलं होतं. मी हात वर करून आरसा खाली ओढला.

बाबा दिसले. मागे रेललेले, एक हात खिडकीवर, डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर असं हसू की ते दहा वर्षांनी लहान वाटत होते. मी पोटभर पाहून घेतलं. ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मग बाबांनीही आरशात पाहिलं. मला जिथून ते दिसत होते, तिथून त्यांना आरशात चालवणाऱ्याचे डोळे दिसत असणार. त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. माझ्याशी बोलताना कधी लावत नाहीत अशा आवाजात, अगदी शांतपणे, ते म्हणाले, "आरसा वर."

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला ते उचलायचं सुचलंही नाही.

आरसा वर गेला. सावकाश, मान खाली घालावी तसा, छताकडे.

"काय झालं हो?" आईनं विचारलं.

बाबा पुन्हा मागे रेलल्याचा आवाज आला. त्यांनी दुखरा पाय लांब केला.

"काही नाही," ते म्हणाले. "ड्रायव्हर चांगला मिळाला."

७

याला आता पाच महिने झाले. गाडी मी धुवत नाही. सकाळी शेड उघडतो तेव्हा ती पुसलेली असते, टायर काळे केलेले असतात, आणि बादलीच्या काठावर फडकं पिळून वाळत घातलेलं असतं. मागची डावी सीट सपाट आहे. पुढची उजवी मी चार वेळा भरली आणि मग सोडून दिली.

बाबांची तब्येत सुधारलीये. जेवण वाढलंय. गल्लीत लोक त्यांना थांबून नमस्कार करतात. दर रविवारी नऊला फेरी ठरलेली.

गेल्या रविवारी मला दुकानात उशीर झाला. एक गिऱ्हाईक अडून बसलं होतं आणि मी त्याला चांगला दम भरत होतो. हल्ली मला ते जमतं. धावत घराकडे आलो तर गाडी दारात उभी होती. आई-बाबा मागे बसले होते. मी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन चालू होतं.

किल्ली माझ्या खिशात होती.

मी ड्रायव्हरच्या दाराकडे वळलो. सीट रिकामी होती. चामडं खोल दबलेलं होतं.

बाबांनी काच खाली केली. "तिकडे कुठे चाललास? तू मागे ये. आईच्या शेजारी."

"अहो, पण मग..."

"ये म्हणतो ना. आयुष्यभर काय पुढेच बसणार आहेस?"

माझ्या बाजूचं मागचं दार आधीच उघडं होतं. मी आत बसलो. गादी मऊ होती. ही बाजूही आता माझ्याच हातची होती. दार माझ्यामागे हलकेच लागलं, अजिबात न आपटता, बाबा लावायचे तसं.

"चला," बाबा म्हणाले.

मी समोर पाहिलं. आरसा आधीच वर केलेला होता.